पाणंदीचा कौल

साडेदहाच्या सुमारास टाकीतल्या मेंदू प्रवाळाने पोट उघडलं आणि आतले पांढरे धागे शेजाऱ्याच्या अंगावर ओतले.

"बघ गो, बघ! पोट भायर काढल्यान बघ!" हर्षालीचा भाऊ सिद्धेश खुर्चीवरून उठला आणि काचेला नाक लावून उभा राहिला.

हर्षालीला बघायची गरज नव्हती. ती हातातल्या पाटीवर मिनिटं टिपत होती. धाग्यांखाली सापडलेल्या फांदीदार प्रवाळाचं मांस आधी पातळ झालं, मग त्याच्या चिंध्या सुटल्या आणि पाऊण तासात तिथे नुसतं पांढरंफटक हाड उरलं. मेंदू प्रवाळाने आपली आतडी पुन्हा आत ओढून घेतली. पडवीच्या खिडकीबाहेर जमलेल्या पंधरा-वीस माणसांनी शिट्ट्या मारल्या. कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आल्यापासून खवळेवाडीत असा आनंद कुणाला मिळाला नव्हता.

हे चाललं होतं २०४४ सालात, जयवंत खोबरेकरांच्या पडवीत, दहा फूट लांबीच्या काचेच्या टाकीत. दहा वर्षांपूर्वी समुद्र तापला आणि किनाऱ्यालगतची प्रवाळं पांढरी पडून मेली. जी थोडी वाचली ती सरकारने घरोघरी वाढवायला दिली. किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रात तंत्रज्ञ असलेली जयवंतांची मुलगी हर्षाली आपल्या वाट्याचा समुद्र घेऊन घरी आली. तीन हजार लिटर पाणी म्हणजे तीन टन वजन. पडवीची जमीन खणून खाली चिऱ्यांचा पाया घातला, पाणी गार ठेवायचं यंत्र आलं, फेस काढायचा नळा आला, निळे दिवे आले. दोन बोटं जाडीची काच मात्र गाडीतून दारात येऊ शकली नाही. घराशेजारची पाणंद बंद होती. आठ जणांनी ती खांद्यावरून आणली, आणि समोरून येणाऱ्या म्हातारीने घरात कोण गेलं म्हणून विचारलं.

प्रवाळ म्हणजे दगडही नव्हे आणि झाडही नव्हे. ती हजारो चिमुकल्या प्राण्यांची वसाहत असते. खाली चुन्याचं हाड, वर मऊ मांस. त्या मांसात एक शैवाल भाड्याने राहतं आणि उजेडापासून साखर करून घरमालकाला पुरवतं. केंद्राने या शैवालात फेरफार करून 'धावतं शैवाल' बनवलं. ते इतकी साखर करतं, की वर्षात बोटभर वाढणारं प्रवाळ दिवसात बोटभर वाढतं. समुद्र पुन्हा भरून काढायला याहून चांगलं औषध नव्हतं. पण वाढ आली की जागा आली, आणि जागा आली की भाऊबंदकी आली. प्रवाळ शेजाऱ्याला स्पर्शाने ओळखतं. आपलंच असलं तर दोघांचं मांस जुळतं आणि मधली रेघसुद्धा राहत नाही. परकं असलं तर आतडी बाहेर काढून त्याला जिवंतपणी पचवतं. पूर्वी या लढाया महिनोन्‌महिने चालत. आता सकाळी सुरू झालेली जेवणाच्या वेळेपर्यंत संपते.

सिद्धेशला हे फार आवडायचं. त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि तर्जनी एवढंच उरलं होतं. बाकीची तीन बोटं मागच्या शिमग्यात पाणंदीत पडली होती.

पाणंद म्हणजे जयवंत आणि त्यांचे धाकटे भाऊ गुरुनाथ यांच्या दोन घरांमधली बारा फुटांची वाट. रस्त्यापासून थेट वाळूपर्यंत जाणारी. वडील गेल्यापासून दोघंही ती आपली म्हणत. गुरुनाथांनी वरच्या तोंडाला चिऱ्यांचा बांध घातला, म्हणून जयवंतांनी खालच्या तोंडाला घातला. मग सिद्धेशने गुरुनाथांच्या तेजसची होडी पेटवली. मग तेजसने कोयता घातला. हा तेजस म्हणजे हर्षालीने कमरेला धरून पोहायला शिकवलेला पोर. दर राखीला पहिला तिच्या दारात यायचा. आता तो वाटेत दिसला की मान फिरवून थुंकायचा.

आणि सिद्धेश रोज संध्याकाळी परसात केळीचे बुंधे कापायचा. डाव्या हाताने. पहिल्या महिन्यात तीन-चार घाव लागायचे. आता एका घावात बुंधा आडवा होत होता. हर्षाली स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघायची आणि घाव मोजायची. कारण तो बुंधा कुणाच्या मानेएवढा धरलाय, हे तिला पक्कं माहीत होतं.

ग्रामदेवाला कौल लावून झाला होता. बाबी गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. पहिल्या खेपेला उजवी पडली, जयवंत जिंकले. गुरुनाथ म्हणाले, पाकळी सुकी होती. दुसऱ्या खेपेला डावी पडली. जयवंत म्हणाले, गुरवाने फुंकर घातली. तिसऱ्या खेपेला पाकळी पडलीच नाही. दोन दिवसांनी तिथेच वाळून गेली. देवानेही यांच्यापुढे हात टेकले म्हणायचे!

त्या दिवशी शिट्ट्या मारणाऱ्या माणसांत मागे गुरुनाथही उभे होते. गर्दी पांगल्यावर दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी भावाच्या पायरीवर पाय ठेवला.

"हर्षू, हेंका कोण फितवूक शकता काय गो?"

"नाय काका. हेंका आपला आणि परक्या, दोनच कळतत."

गुरुनाथांनी टाकीकडे बघत मान डोलावली. "मगे हयच लावया कौल. एक पोवळा तुमचा, एक आमचा. जिता रवात तेची पाणंद."

जयवंत झोपाळ्यावर बसले होते. ते भावाकडे न बघता म्हणाले, "गुरवाच्या हातात पाकळी आसता. हय कोणाचो हात नाय. माका मान्य."

"आणि हरलो तो?" सिद्धेशने विचारलं.

"हरलो तो पाणंदीत पाय घालूचो नाय," गुरुनाथ म्हणाले.

हर्षाली नाही म्हणायला तोंड उघडणार होती. हे शास्त्र आहे, जत्रा नव्हे, वगैरे. पण तिची नजर सिद्धेशच्या डाव्या हाताकडे गेली आणि तिला भलतंच सुचलं. तिने विचारलं, "पोवळी मी निवडलेली चलतली?" तिच्यावर दोन्ही घरांचा विश्वास होता. चालतील, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने एकच मेंदू प्रवाळ घेतलं आणि करवतीने त्याचे मधोमध दोन तुकडे केले. एक निळ्या उजेडाखाली ठेवला, तो आठवड्यात हिरवा झाला. दुसरा तांबूस उजेडाखाली ठेवला, तो विटकरी झाला. रंग उजेडाचा असतो, जात तीच राहते. टाकीत समोरासमोर आले, की दोघं एकमेकांना ओळखणार, मांसाला मांस जुळणार आणि सगळ्या वाडीदेखत एक होणार. मग बाबी गुरवाने नुसतं म्हणायचं, की देवाने वाट दोघांची ठरवली. तिने बाबीलाही हे सांगितलं नाही. देवाच्या कौलात खोट घालतोय, हे तिला टोचत होतं. पण जिवापेक्षा कौल मोठा नाही, देव एवढं समजून घेईल, असं तिने स्वतःला बजावलं.

महिनाभर आपापलं पोवळं आपापल्या घरी जोपासायचं ठरलं. हिरवं जयवंतांच्या मागच्या खोलीत, विटकरी गुरुनाथांच्या ओटीवर. टब, पंप, दिवा सगळं तिने दिलं आणि रोज चिमूटभर जवळ्याची पूड घालायला सांगितली. दर रविवारी ती दोन्हीकडे जाऊन पाणी तपासायची. खारटपणा ठीक, चुना ठीक. फॉस्फेट मात्र दोन्ही टबांत चढलेलं. तिने दोन्ही घरांना दम भरला, जवळा कमी घाला म्हणून. दोघांनी मुकाट्याने मान हलवली. दोन्हीकडचा आकडा सारखाच, म्हणून तिने त्यावर पुढे विचार केला नाही. इथेच ती चुकली.

मार्गशीर्षातल्या शनिवारी सकाळी दोन्ही घरं पडवीत जमली. कोयते बाहेर पायरीवर ठेवायचे, असं आधीच ठरलं होतं. तिथे पाच कोयते ओळीने मांडले गेले. बाबी गुरवाने टाकीसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. तेजस दाराशी हाताची घडी घालून उभा होता. सिद्धेश त्याच्या बरोबर समोर, भिंतीशी. हर्षालीने दोन्ही तुकडे एका सपाट खडकावर, तांदळाच्या दाण्याएवढं अंतर ठेवून चिकटवले आणि दिवे पूर्ण लावले.

मांस डोळ्यांदेखत सरकत होतं. दहा वाजता दोन्ही कडा भिडल्या. पडवीत कुणी खोकत नव्हतं. हिरव्या आणि विटकरी कडेमध्ये एक बारीक रेघ दिसत होती, आणि हर्षालीचा जीव त्या रेघेवर खिळला होता. रेघ फिकट झाली. एका ठिकाणी, नखाएवढ्या जागेत, पुसलीच गेली. तिने श्वास सोडला.

आणि पुढच्या क्षणी दोन्ही पोटं एकदम फाटली.

अशी लढाई तिने केंद्रातही पाहिली नव्हती. परकं प्रवाळ निदान एका बाजूने हरतं, मागे हटतं. इथे दोघांची ताकद एक, वेग एक, विष एक. धाग्यांचे पुंजके एकमेकांत घुसले. मांसाचे लगदे सुटून पाण्यात तरंगू लागले, त्यांवर मासे तुटून पडले आणि तेच मासे मिनिटाभरात पोट वर करून तळाला गेले. फेसाचा नळा गढूळ गुलाबी फेसाने भरून वाहू लागला. "खा! खा तेका!" सिद्धेश ओरडत होता. "सोडू नको!" तेजस ओरडत होता. गुरुनाथ आणि जयवंत दोघांच्याही मुठी वळलेल्या होत्या.

हर्षाली गुरुनाथांमागे उभ्या असलेल्या काकीकडे वळली. "काकी, टबात तुमी काय घालीत होतात? खरा सांगा."

काकी पदराशी चाळा करू लागली. "जवळोच गो. आणि राखणदार देवाक कोंबो दिलो काय, तेचा रगात. वाटीभर. बुधवारी नि आयतवारी. ताकद येवची म्हणान."

हर्षालीने भावाकडे पाहिलं. तो हसला आणि डाव्या हाताचा तळवा तिच्यापुढे धरला. अंगठ्याच्या बुडाशी वाळलेल्या चिरांची रांगच होती.

"माझा स्वतःचा," तो म्हणाला. "रोज."

आता तिला उलगडलं. आपल्या-परक्याची खूण नुसती प्रवाळाच्या रक्तात नाही, कातडीवरही असते. तिथे बुळबुळीत थर असतो आणि त्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. खुणेचा अर्धा भाग जन्माचा असतो आणि अर्धा या जिवाणूंचा. शेकडो वर्षं एका पाण्यात राहणाऱ्या प्रवाळांत या दुसऱ्या अर्ध्याचा कधी प्रश्नच आला नव्हता. पण धावत्या शैवालाने वर्षांचे दिवस केले होते. एका महिन्यात एका तुकड्यावर कोंबड्याच्या रक्तावर पोसलेली वस्ती चढली, दुसऱ्यावर माणसाच्या. एकाच पोटचे दोघे, पण आता एकमेकांच्या अंगाचा वास त्यांना ओळखू येत नव्हता. आणि हे तिला रविवारच्या आकड्यात दिसलं होतं. तिने ते जवळ्यावर ढकललं होतं.

एक वाजेपर्यंत सगळं संपलं. खडकावर दोन पांढरी हाडं उरली. दोघांच्या मधे, जिथे रेघ पुसली गेली होती तिथे, नखाएवढा एक तुकडा मात्र जिवंत होता. धड हिरवा नाही, धड विटकरी नाही.

"जिता आसा ता आमच्या अंगाक आसा," तेजस म्हणाला.

"डोळे फुटले काय तुझे? आमच्या अंगाक आसा!" सिद्धेश उसळला.

बाबी गुरवाने भिंग घेऊन पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, आणि भिंग खाली ठेवलं. "माका सांगूक येवचा नाय," एवढंच म्हणाला.

पडवीत आवाज चढू लागले. हर्षाली मधे उभी राहिली. "दोघांचा आसा ता. ही दोनय एकाच पोवळ्याची आसत. मीच कापलंय. माका वाटलेला, एकजीव होतली."

मग जयवंत झोपाळ्यावरून उठले आणि त्यांनी लेकीच्या थोबाडीत दिली. आयुष्यात पहिल्यांदा. तिच्या ओठातून रक्त आलं.

"देवाच्या कौलात खोट घातलंस?"

"खोट खयची!" गुरुनाथ गरजले. "बापाक जिकवूक केल्यान ह्या! दोनय पोवळी तेंचीच, मगे आमचा जिकतला कसा?"

तेजस तोवर पायरीवरून परत आला होता. त्याच्या हातात कोयता होता. पडवीतल्या कोपऱ्यात नारळ सोलायची पहार उभी होती. ती शस्त्रांत मोजायचं कुणाला सुचलं नव्हतं. सिद्धेशने ती दोन्ही हातांनी उचलली आणि तेजसच्या डोक्याच्या रोखाने हाणली.

तेजस खाली वाकला. पहार टाकीच्या कोपऱ्यावर बसली.

आधी नुसता 'टक्' असा आवाज आला. काचेवर वरपासून खालपर्यंत एक चीर धावली आणि तीन टन समुद्र एका झपाट्यात पडवीत उतरला. हर्षाली भिंतीवर आपटली. माणसं, खुर्च्या, खडक, नारळ, सगळं दाराकडे वाहत गेलं. तिने पहिलं काम केलं ते म्हणजे भिंत चाचपत जाऊन विजेचा मोठा खटका खाली पाडला. मग मागे वळून पाहिलं.

तेजस उंबऱ्याशी उताणा पडला होता. हातभर लांबीची काच त्याच्या मांडीला चाटून गेली होती, आणि त्या जागेतून रक्त उडत होतं. ठोक्यागणिक, उंच. भोवतीचं खारट पाणी लाल होत होतं. त्याचा कोयता कुठे गेला, पत्ता नव्हता. आणि त्याच्या डोक्याशी सिद्धेश उभा होता, दोन्ही हातांनी पहार उगारून.

"सिद्धू!" हर्षाली किंचाळली.

सिद्धेशने घाव घातला. घातलाच, कुणी काही म्हणो. पण पहार ओली होती आणि उजव्या हाताला पकड धरायला तीन बोटं नव्हती. ती निसटली, फिरली आणि तेजसच्या कानापासून वीतभर अंतरावर उंबऱ्यावर आदळली. तोल जाऊन सिद्धेश त्याच्यावर कोसळला. त्याचा हात गळा धरायलाच गेला असेल, पण तो पडला मांडीवर. तिथल्या ऊन धारेखाली तो हात क्षणभर थांबला. तसा रक्ताचा फवारा त्याने एकदा पाहिला होता, स्वतःचा. मग त्याने उरलेला अंगठा त्या जखमेत घुसवला आणि सगळ्या अंगाचा भार त्यावर टाकला.

उडणारं रक्त थांबलं.

"गाडी आणा!" तो ओरडला. "हात काढलंय तर मरात हो!"

हर्षालीने रुग्णवाहिका बोलावली. ती बारा मिनिटांत आली, पण वरच्या बांधापाशी थांबली. "चिरे आडवे आसत, गाडी खाली येवची नाय," ड्रायव्हर फोनवर म्हणाला. खाली वाळूच्या बाजूला दुसरा बांध. तेजसला चिऱ्यांच्या ढिगावरून चढवायचं म्हणजे हात सुटणार.

गुरुनाथ धावत पाणंदीच्या वरच्या तोंडाला गेले आणि स्वतः रचलेले चिरे उपटू लागले. एक चिरा चाळीस किलोंचा, आणि माणूस साठी उलटलेला. दुसऱ्या चिऱ्याला त्यांचा पाय घसरला. तेव्हा पलीकडच्या टोकाला कुणीतरी हात घातला. जयवंत होते. चिरा उचलायचा, बाजूला टाकायचा, पुढचा धरायचा. मागोमाग वाडी आली. सात-आठ मिनिटांत गाडीपुरती वाट झाली, आणि दीड वर्षाने पाणंदीतून चाकं फिरली.

गाडीत सिद्धेश तेजसच्या अंगावर जवळजवळ आडवा पडून होता. त्याचा हात मनगटापर्यंत लाल होता. कुठे तेजसची कातडी संपते आणि कुठे त्याची सुरू होते, हे दिसत नव्हतं. तेजसचे डोळे मिटत होते. "झोपा नको रे," सिद्धेश त्याला सारखं म्हणत होता. "मेल्या, झोपा नको. झोपलंस तर जीव घेईन तुझो."

तालुक्याच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया तीन तास चालली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, जीव वाचला. पाय राहील, पण गुडघ्यात पुन्हा वाकेल की नाही, आत्ताच सांगता येत नाही. काकी रडू लागली. जयवंत तिच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसले.

हर्षाली कॉरिडॉरच्या टोकाला उभी होती. तिचा ओठ सुजला होता. टाकी गेली, मासे गेले, आणि ती नखाएवढी जिवंत जागा कुणाच्या पायाखाली गेली, कोण जाणे. गुरुनाथ हळूहळू तिच्यापाशी आले. त्यांची बोटं चिऱ्यांनी सोलवटली होती.

"खरा सांग, हर्षू. एकच होता?"

"एकच, काका."

"मगे एकमेकांक वळाखल्यानी कसा नाय?"

"महिनोभर वेगवेगळा रगात पाजला आपण तेंका."

गुरुनाथांनी कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिथे हात धुवायच्या नळाखाली सिद्धेश आपला उजवा हात धरून उभा होता. पाणी केव्हाच स्वच्छ यायला लागलं होतं, तरी तो हात काढत नव्हता. गुरुनाथ त्याच्याजवळ गेले, त्यांनी नळ बंद केला, खांद्यावरचा पंचा काढला आणि पुतण्याचा हात पुसायला घेतला. आधी अंगठा, मग तर्जनी, आणि मग जिथे तीन बोटं नव्हती ती जागा.